झाकणावरचे चार दगड

मिलोयका रुस्त्या भित्री आहे, हे गावभर सांगत फिरणाऱ्यांत मी पहिला होतो. आमच्या खोऱ्यात सगळे तिला ‘ससुली’ म्हणतात, ते नावही मीच आठवीच्या वर्गात ठेवलं. पुलावरून जाताना ती कठड्याला हात लावून चालते. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. कुत्रा बांधलेला असला तरी आधी साखळीची लांबी नजरेनं मोजते आणि मगच फाटक उघडते. अशा बाईनं पुढे लोकांना वीज शिकवायचं ठरवलं, तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

आता मी हसत नाही. सहा वर्षांपूर्वी एप्रिलच्या एका स्वच्छ सकाळी ही बाई माझ्या एका शब्दावर भरवसा ठेवून मरणाच्या दिशेनं चालत गेली, आणि तो शब्द खोटा होता. म्हणून तिची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरा कुणी सांगायला बसला तर भिडेखातर मला त्यातून वगळेल.

मी एगोन. चावेनच्या कड्याखाली आमचं गवताचं छोटं विमानतळ आहे, तिथे मी एकतीस वर्षं आहे. हँगरच्या किल्ल्या, गवत कापायचं यंत्र, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि एक लाकडी शिडी, एवढा माझा संसार. मिलोयका आणि मी एका गल्लीतले, एका वर्गातले. तिचे वडील फेर्दो वायरमन होते. ती आठ वर्षांची असताना बुर्यानं तारा तोडल्या. बुर्या म्हणजे आमचा वारा. कड्यावरून खाली कोसळतो, ट्रक उलथवतो, आणि एकदा आला की तीन दिवस हलत नाही. त्या वाऱ्यात खांबावर चढलेल्या फेर्दोकाकांच्या उजव्या हाताला झटका बसला. जीव वाचला, हातही राहिला, पण त्या हाताला काही कळेनासं झालं.

महिन्याभरानं सगळे जेवायला बसले होते. चुलीवरून नुकतंच उतरवलेलं योटाचं पातेलं, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या आणि घेवड्याच्या रश्शाचं, काकांनी उजव्या हातानं आपल्याकडे ओढलं आणि तसंच धरून ते कुठल्याशा खांबाची गोष्ट सांगत राहिले. जळक्या कातडीचा वास आधी पोरीला आला. ‘बाबा, हात’ एवढंच ती म्हणाली. काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तो कुणा पाहुण्याचा असावा तसं. मिलोयकानं हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिनं स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

त्यानंतर काका एक वाक्य फार बोलायचे: ज्याला भीती वाटत नाही, त्याच्याबरोबर खांबावर चढू नये. घरातल्या इतरांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मिलोयकानं मात्र ते गाठीला बांधलं.

ती कापडगिरणीत दुरुस्ती खात्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागली. अकरा पुरुषांत एकटी बाई. तारेला हात लावण्याआधी ती दोनदा टेस्टर लावायची, आणि मग तो टेस्टर चालतोय का हे बघायला दुसऱ्या जिवंत तारेला लावायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ही तर पाणीसुद्धा फुंकते, असं मी म्हणायचो. एकोणीस वर्षांत तिला साधा चटका बसला नाही. त्या अकरा पुरुषांतल्या दोघांना आज स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत. हा हिशेब मी त्या काळात कधी केला नव्हता.

गिरणी बंद पडली तशी ती आमच्या धंदेशिक्षणाच्या शाळेत शिकवायला गेली. मुलांना नाही, मोठ्या माणसांना. हातचं काम गेलेल्या विणकर बायका, कौलं घालणारे, द्राक्षमळेवाले. त्यांना छपरावर सौरपट्ट्या बसवायला, बॅटऱ्या सांभाळायला, गाड्यांचे आणि पुढे विमानांचे चार्जर जोडायला शिकवायचं. लोकांना वाटायचं, पहिल्या दिवशी बाई सूर्याची महती सांगतील, धुरानं पृथ्वी कशी तापते ते सांगतील. ती फळ्यावर काहीच लिहायची नाही. कोरे कागद वाटायची आणि म्हणायची, विजेची तुम्हाला कशी कशी भीती वाटते ते लिहा. ज्याचा कागद कोरा, त्यानं घरी जायचं.

झोर्को म्हणून एक मळेवाला होता, तोंडाळ आणि सगळ्यांचा लाडका. त्यानं कागदावर एकच शब्द लिहिला: बायको. मिलोयकानं तो वर्गात वाचून दाखवला. म्हणाली, “रास्त आहे. तिला मी ओळखते. आता विजेचं लिही.” झोर्को खाली मान घालून अर्धा तास लिहीत बसला.

विमानांचं म्हणाल तर आमच्याकडे त्यांचं अप्रूप नाही. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी खोऱ्यातल्या विमानांच्या कारखान्यात पंख चिकटवायच्या कामावर जाऊन आलेलं असतं. पण विमानतळावरच्या आमच्या उड्डाण क्लबानं बॅटरीवर उडणारी दोन विमानं घेतली, तेव्हा मजा झाली. दोन माणसं बसतील एवढं विमान, आवाज जवळजवळ नाही, तासाच्या आत खाली यायचं. शिकणारी पोरं वर असली की आम्ही खाली घड्याळाकडे बघत बसायचो. पेट्रोलच्या विमानाला दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे भटकता येतं. याला नाही. याच्या पोटात किती उरलंय तो आकडा बघताना माझ्यासारख्याच्याही तोंडचं पाणी पळायचं.

पहिल्या आठवड्यात आम्ही दोन्ही विमानं एकदम चार्जिंगला लावली आणि अर्धं गाव मंद झालं. विमानतळाची तार पूर्वी चार दिवे, एक फ्रिज आणि कॉफीचं यंत्र यांच्यासाठी टाकलेली. बेकरीची भट्टी अर्ध्यावर बसली. बेकरीवाला अर्धवट भाजलेले सोळा पाव घेऊन आला, क्लबाच्या टेबलावर मांडले आणि निघून गेला.

मग मिलोयकाला बोलावणं गेलं. ती वर्गच घेऊन आली. तिनं तार बघितली, ट्रान्सफॉर्मर बघितला, हँगरचं छप्पर पावलांनी मोजलं आणि म्हणाली, विमान उडवणं सोपं आहे रे, त्याला जेवू घालणं कठीण. विमान केवढं, आणि त्याच्यामागे जमिनीवर केवढा पसारा लागतो, हे तिनं विणकर बायकांना चुलीच्या भाषेत सांगितलं: पाहुणा एक आला तरी पाणी, सरपण, पातेली सगळं आधीपासून घरात असावं लागतं. वर्षभरात हँगरच्या छपरावर सौरपट्ट्या आल्या, बुर्याकडे पाठ करून, नेहमीच्या दुप्पट चिमट्यांनी आवळलेल्या. हँगरपासून ऐंशी पावलांवर एक पोलादी खोली आली. तिच्यात बॅटऱ्या. दिवसभर सूर्य तिच्यात भरायचा आणि विमानं तिच्यातून जेवायची. गावाचे दिवे पुन्हा मंद झाले नाहीत.

त्या खोलीच्या छताला एक झाकण होतं. पत्र्याचं, हलकं, दोन साध्या क्लिपांवर टेकलेलं. मिलोयकानं वर्गाला आणि मला त्याच्याखाली उभं करून समजावलं होतं. एखादी बॅटरी बिघडली की तापते, तापली की वायू सोडते, आणि तो वायू पेट घेतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. ती वाट वरच्या बाजूला ठेवली आहे, कारण वर कुणी उभं नसतं. झाकण हलकं आहे ते मुद्दाम. भिंतीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: छतावर काहीही ठेवू नये. तरी तिनं मला बाजूला घेऊन तीनदा बजावलं. मी म्हणालो, “ससुले, आणखी एकदा सांगितलंस तर मीच वर जाऊन बसेन.” ती हसली नाही.

हँगरच्या फळ्यावर तिनं नियम लिहून ठेवला. एक घंटा वाजली म्हणजे आतल्या यंत्राला वायूचा वास लागला. तेव्हा झाकण मोकळं असेल तर एकाच माणसानं, खोलीला दार नाही त्या बाजूनं जायचं, भिंतीवरचा दांडा ओढून सूर्याकडून येणारा प्रवाह तोडायचा आणि परत यायचं. झाकण मोकळं नसेल तर कुणीही जायचं नाही. सगळ्यांनी धावपट्टीपलीकडच्या चरात जाऊन आडवं व्हायचं आणि अग्निशमनवाल्यांची वाट बघायची. दोन घंटा झाल्या तर काहीही न बघता पळायचं. हे मला पाठ होतं. अजूनही आहे.

आता माझं पाप सांगतो.

आमच्याकडे जे खडखडतं त्याच्यावर दगड ठेवतात. कौलांवर दगड, खुराड्याच्या झाकणावर दगड, लाकडांच्या ढिगावरच्या पत्र्यावर दगड. पोर चालायला लागलं की त्याला दगड उचलायला शिकवतात. माझ्या आजोबांच्या छतावरच्या दगडांना जागा ठरलेल्या होत्या, एक इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. बुर्यात पत्रा वाजतोय आणि घरातला माणूस बिछान्यात लोळतोय, असं घर आमच्यात हलकं समजतात. सोयरीक जुळवायला आलेले लोक आधी छताकडे बघतात.

त्या वर्षी फेब्रुवारीत बुर्या चार दिवस राहिला. पोलादी खोलीच्या झाकणाची एक क्लिप ढिली झाली होती. पहिला दिवस ते वाजलं, दुसरा दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला दुसरं काही ऐकूच येईना. तांबडी अक्षरं मला दिसत होती. शिडी लावताना मी त्यांच्याच शेजारी उभा होतो. पण मनात आलं ते एवढंच की झाकण उडून गेलं तर आत पाणी जाईल, आणि बोल मलाच लागेल. जुन्या भिंतीतले चार दगड काढले, चार कोपऱ्यांवर ठेवले. आवाज थांबला. खरं सांगतो, बरं वाटलं मला. एखादं रडतं मूल निजवल्यावर वाटतं तसं. वारा पडला की काढू, असं म्हणून खाली उतरलो.

वारा पडला. मग शिडी कुणीतरी चर्चच्या कामाला नेली. मग गवत वाढलं. रोज सकाळी मी त्या खोलीवरून जायचो आणि रोज वर बघायचं टाळायचो. ज्याला माणूस विसरणं म्हणतो ते पुष्कळदा विसरणं नसतं. मी ते चार दगड कधीच विसरलो नव्हतो.

एप्रिलच्या त्या सकाळी मिलोयका नऊ जणांचा वर्ग घेऊन आली होती. झोर्को होता, नेव्हेंका नावाची पूर्वीची विणकर होती, बाकी आसपासचे. आकाश धुतल्यासारखं, वारा नाही, सौरपट्ट्या चकाकत होत्या. ती हँगरच्या दारात उभी राहून चार्जिंगचा जाड दोर कसा गुंडाळायचा ते दाखवत होती, एवढ्यात घंटा झाली. एक.

कुणी ओरडलं नाही. मिलोयकाचा चेहरा पांढरा पडला. तिनं दोर हळूच खाली ठेवला आणि नेव्हेंकाला म्हणाली, सगळ्यांना चरात ने, मोज, नऊ भरले की हात वर कर. ते गेले. पलीकडून नेव्हेंकाचा हात वर आला. मग मिलोयका माझ्याकडे वळली.

“एगोन, झाकण मोकळं आहे?”

तिच्या डोळ्यांत शंका नव्हती. तिनं आयुष्यात टेस्टरवरसुद्धा विश्वास ठेवला नव्हता, आणि माझ्यावर ठेवत होती, कारण त्या खोलीचा राखणदार मी. चरातून झोर्को मान वर करून आमच्याकडे बघत होता. मला दिसलं की आता खरं बोललो तर संध्याकाळपर्यंत खोरंभर होईल: तीनदा सांगूनही म्हाताऱ्यानं दगड ठेवले. मनातल्या मनात मी म्हणालो, दगड लहान आहेत. म्हणालो, एकच घंटा आहे, पूर्वी एकदोनदा वाजली तशी खोटीच असेल. हे सगळं श्वासभरात झालं.

“मोकळं आहे,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जाड हातमोजे चढवले आणि निघाली.

ती पावलं मोजत होती, मोठ्यानं, कारण भीती वाटली की मोजायची तिची लहानपणापासूनची सवय. एक, दोन, तीन. शाळेत असताना पुलावर ती अशी मोजायची आणि मी मागून चुकीचे आकडे ओरडायचो. अकरा, बारा. मी म्हणत होतो, अजून लांब आहे, अजून वेळ आहे, दांडा ओढून येईल परत, कुणाला कळणारही नाही, रात्री मी दगड काढून टाकीन. सव्वीस, सत्तावीस. खोलीच्या दाराच्या फटीतून पांढरं काहीतरी येत होतं, चहाच्या वाफेइतकं. वर झाकणापाशी काहीच नव्हतं. जिथून यायला हवं होतं तिथून वाफ येत नव्हती, आणि का येत नव्हती हे सबंध जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

एकोणचाळीस, ती म्हणाली.

“मिलोयका, वर दगड आहेत. चार आहेत.”

आवाज माझा वाटला नाही. ती थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं नाही, आधी छताकडे पाहिलं. मग मागे फिरली आणि चालू लागली, मग भराभर चालू लागली, आणि मग मी तिला पळताना पाहिलं. साठ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच. दुसरी घंटा झाली तेव्हा तिनं माझ्या बाहीला धरून मला ओढलं, कारण माझे पाय जमिनीला रुतून बसले होते.

चरात पोचल्यावर तिनं डोकी मोजली. अकरा. “तोंडं खाली,” म्हणाली. आणि मग काहीच होईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. गवतात मुंग्या होत्या, त्या माझ्या मनगटावरून चालल्या होत्या. ती शांतता मला आजही झोपेत ऐकू येते. झोर्को हळूच म्हणाला, “बाई, घरी जाऊन येऊ का? बायकोची भीती कमी वाटायला लागलीय.” आणि तो खरोखरच उठायला लागला. तिनं त्याची कॉलर मुठीत धरून त्याला खाली दाबलं.

तेव्हाच ते झालं. आवाज कानानं ऐकला असं म्हणता येणार नाही, तो छातीत बसला. माती, पत्रे, हँगरच्या काचा. खूप वेळ आभाळातून काहीबाही पडत राहिलं. डोकं वर काढलं तेव्हा बॅटऱ्यांच्या खोलीची दार नसलेली भिंत शिवणीवर उसवून बाहेर आली होती, आणि तिच्यावरचा दांडा जमिनीत घुसला होता. ती जिथे उभी राहिली असती, बरोबर तिथे. वरचं झाकण एका कोपऱ्यानं उघडलं होतं, तेही सगळं झाल्यावर.

नऊच्या नऊ जण धड होते. मिलोयकाच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. झोर्को रडत होता आणि आपण रडतोय हे त्याला कळत नव्हतं.

अग्निशमनवाले संध्याकाळपर्यंत पाणी मारत होते. त्यांच्या प्रमुखानं विचारलं तेव्हा मी लपवलं नाही. दगड मी ठेवले, आणि मोकळं आहे असं मीच सांगितलं. मिलोयका कानाला कापूस लावून शेजारी बसली होती. प्रमुख गेल्यावर तिनं विचारलं, “खोटं का बोललास?”

“लाज वाटली.”

“लाज कसली,” ती म्हणाली. “भीती वाटायला हवी होती.”

ती चिडली नव्हती. वर्गात एखाद्याची जोडणी उलटी लागली की सांगते, तसं सांगितलं. तिनं कानफटात मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

घरी अल्बिनाला, माझ्या बायकोला, दुपारीच कळलं होतं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पुढ्यात ताट ठेवून म्हणाली, तुझं आणि माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी तुमचं छप्पर बघून होकार दिला होता. एवढंच बोलून ती भांडी घासायला गेली. क्लबानं मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं कित्येक महिने वाटत होतं. दगडांपैकी तीन सापडले, एक तर हँगरच्या भिंतीत रुतलेला. चौथा अजून सापडलेला नाही. गवत कापताना यंत्राच्या पात्याला काही लागलं की अजून माझ्या हातापायांना घाम फुटतो.

मिलोयका महिनाभर आली नाही. डाव्या कानानं ऐकू येणं गेलं ते गेलंच. ती शाळा सोडणार असं लोक बोलायला लागले. ससुलीची पाचावर धारण बसली म्हणाले, आणि हे म्हणणाऱ्यांत या वेळी मी नव्हतो. तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन मी परत आलो. तिला तोंड दाखवायची मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. शेवटी झोर्को गेला. त्याच्या मळ्यातली बाटली घेऊन गेला आणि म्हणाला, बाई, कागद अर्धा राहिलाय माझा, विजेच्या भीतीचा. पुढच्या सोमवारी ती आली. खडू धरताना तिचा हात इतका कापत होता की अक्षर लागत नव्हतं. तिनं तसंच लिहिलं.

तेव्हापासून तिचा पहिला धडा बदलला. नव्या वर्गाला ती हँगरमध्ये उभं करायची आणि विचारायची, बुर्या सुटलाय, छतावर पत्र्याचं झाकण वाजतंय, काय कराल? सगळे एका तोंडानं सांगायचे, दगड ठेवू. ती म्हणायची, हो, तुमच्यातला एकूण एक जण ठेवेल, मीही ठेवला असता. मग नवी पोलादी खोली दाखवायची. माझं नाव घ्यायची नाही. मी मागे झाडू घेऊन उभा असायचो, आणि सगळ्यांना ठाऊक असायचं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे तर भर दुपारचं ऊन होतं.

आणि खोलीकडे वर्ग नेण्याआधी ती माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारायची: एगोन, झाकण मोकळं आहे? मी म्हणायचो, मोकळं आहे. ती म्हणायची, बघून ये. मी शिडी लावायचो, वर चढायचो, बघायचो, उतरायचो आणि पुन्हा सांगायचो. मग ती निघायची. सहा वर्षांत चौदा वर्ग झाले, चौदा वेळा ‘बघून ये’. रागानं नाही, टोमणाही नाही. पण दर वेळी ते दोन शब्द मला लागायचे. माझ्या शब्दाला या बाईपुढे आता वजन नाही, आणि ते मीच घालवलं, हे शिडीच्या प्रत्येक पायरीवर आठवायचं.

गेल्या मे महिन्यात तिचा शेवटचा वर्ग झाला. निवृत्त होत होती. सात जण होते, आता तिच्या जागी शिकवणार होती ती नेव्हेंकाही होती. तिनं दोर गुंडाळून दाखवला, फळ्यावरचा नियम वाचला, मग माझ्याकडे वळली. उजवा कान माझ्याकडे करून.

“एगोन, झाकण मोकळं आहे?”

“मोकळं आहे.”

मी शिडीला हात घातला. ती मात्र ‘बघून ये’ म्हणाली नाही. मान हलवली, त्या सकाळी हलवली होती अगदी तशी, आणि वर्गाला घेऊन चालायला लागली. एक, दोन, तीन. सहा वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो असं मला वाटलं होतं. पण माझी नजर त्या झाकणाकडेच वळली. आदल्याच आठवड्यात दोन दिवस बुर्या होता. मी परवा बघितलं होतं, काल बघितलं होतं, आज सकाळी बघितलं होतं. पण हँगरला दोन किल्ल्या आहेत, खोऱ्यात दगडांना तोटा नाही, आणि पत्रा वाजला की इथल्या कुठल्या माणसाचा हात स्वस्थ बसतो?

“मिलोयका, थांब,” मी ओरडलो. “थांबव त्यांना. मी बघून येतो.”

ती थांबली. सगळे थांबले. मी शिडी खांद्यावर टाकून त्यांना ओलांडून पुढे गेलो, लावली आणि चढलो. वर झाकण होतं, त्याच्या दोन क्लिपा, थोडी धूळ, एका पाखराची शीट. दुसरं काही नव्हतं. मी हात फिरवून बघितला. चारही कोपऱ्यांवर फिरवला.

“काय आहे?” खालून तिनं विचारलं.

“काही नाही.”

“मग उतरत का नाहीस?”

“पुन्हा एकदा बघतोय,” मी म्हणालो.

माझं बघून होईपर्यंत ती त्या सात जणांना घेऊन तिथेच उभी राहिली.